वर जाण्याची परवानगी

"आज सांगून टाक, सरपंच. जायचं का नाय?" दशरथने विचारलं, आणि पत्र्याच्या शेडमधली सगळी माणसं विलासकडे वळली.

विलासने समोर पाहिलं. बोचकी बांधून तयार होती. बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते, तसे पत्रे थरथरत होते. मे संपत आला होता. आत इतकं उकडत होतं की बायकांनी तान्ह्या पोरांना ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर बेहड्याची वाडी डोंगरावरून खाली आली. वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग गेली होती, माणूस आत उतरेल एवढी. भूगर्भवाले साहेब बघून गेले. "पूर्वी महिनाभर पडायचा तो पाऊस आता एका रात्रीत पडतो," ते म्हणाले. "तसा इथे पडला तर हा उतार थांबायचा नाही." विलास तेव्हा नुकताच सरपंच झाला होता, वाडीतला पहिलाच. त्याने दारोदार फिरून, हातापाया पडून माणसं खाली आणली. कुंभिवलीजवळ शेड मिळाल्या. पक्की घरं दिवाळीपर्यंत मिळणार होती. दिवाळी गेली, होळीही गेली. घरांच्या जागेवर फक्कीने आखलेल्या रेघा तेवढ्या होत्या.

आणि डोंगर काही पडला नाही.

"गेल्या पावसात काय झालं? डोंगर हाय तितंच हाय," दशरथ म्हणाला. "आमीच हितं भाजून मरतोय."

विलासला उत्तर माहीत होतं. गेल्या वर्षी तो पाऊस दुसरीकडे कोसळला, एवढंच. पण सकाळीच हरेशशेठने त्याला चौक गावी बोलावून घेतलं होतं. हरेशशेठ म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पुढच्या निवडणुकीचं तिकीट त्यांच्या हातात होतं.

"जाऊ दे की त्यांना," चहाचा कप पुढे सरकवत शेठ म्हणाले. "डोंगर पडला तर तो निसर्गाचा कोप. तू अडवलंस तर ते तुझ्या नावावर. मग मत कोण देईल तुला?"

 विलासने तो चहा प्यायला होता.

मनाची समजूत घालायला त्याच्याकडे आणखी एक कारण होतं. त्याची आई, चिंधी. खाली आल्यापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. रोज संध्याकाळी ती शेडच्या मागे उपड्या घमेल्यावर बसायची, डोंगराकडे तोंड करून. "आता ऊन ओटीवरनं उतरलं असंल," ती स्वतःशीच म्हणायची. "आता वारं सुटलं असंल. मागल्या दाराची ताटी वाजत असंल. लावाया कोन हाय?" विलासच्या बापाला तिथेच, घरामागच्या माळावर पुरलं होतं. त्याचं नाव ती घेत नसे. ताटीपर्यंत येऊन थांबायची.

आत्ताही ती शेडच्या कोपऱ्यात बसली होती. विलासने तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"ज्याला जायचं त्यानं जावं," तो म्हणाला. "मी कुनाला अडवनार नाय."

एकदम गलका झाला. दशरथने त्याला मिठीच मारली. वर्षभरात ही माणसं अशी हसलेली विलासने पाहिली नव्हती. त्यालाही हलकं वाटलं. त्याने आईला शोधलं, पण ती बाहेर निघून गेली होती.

सकाळी उठला तर तिची गोधडी घडी करून ठेवलेली. कोयती जागेवर नव्हती. म्हातारीला धीर धरवला नाही तर! विलासला हसू आलं. तोंडावर पाणी मारून तो निघाला.

चढणीला लागल्यावर रस्त्याचा आवाज मागे पडला. अंगाला गार वारा लागला. करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. त्याने मूठभर करवंदं तोंडात टाकली आणि पावलं आपोआप भराभर पडू लागली. आपल्यालाही इतकं यावंसं वाटत होतं, हे त्याने वर्षभर स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं. मागून बाकीचे येत होते. कुणीतरी गाणं धरलं होतं.

शेवटच्या वळणावर त्याला कौलांचा आवाज आला. पावसाआधी घर शाकारायला घेतलं तिने, त्याला वाटलं. तो धावतच अंगणात शिरला.

अर्ध्या छपराची कौलं उतरवून खाली रचलेली होती. पुढची कुडाची भिंत कोयतीने तोडून आडवी पाडली होती. आतल्या चुलीवर ऊन पडलं होतं. चिंधी शिडीवर उभी होती. तिचं तोंड धुळीने माखलं होतं आणि धुळीतून ओघळ आले होते.

"आये, हे काय करतेस?" विलास ओरडला. "तुला घरी यायचं होतं ना?"

"होतं?" ती म्हणाली. "डोळं मिटलं का रोज हितंच असते मी."

माणसं एकेक करून अंगणात आली. डोक्यावरची बोचकी कुणी खाली ठेवली नाहीत. गाणं थांबलं होतं.

चिंधीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शिडीवरून खाली उतरली. कोयती तिने विलासच्या हातात दिली.

"ह्ये घर उभं हाय तवर माजं पाय हिकडंच वळनार. माज्या मागनं ह्या सगळ्यांचं. काल तू 'जाऊ नका' बोलला नायस, म्हनून मला यावं लागलं. आता चढ वर. आढ्याला माजा हात पोचत नाय."