कोपऱ्यातली खोली

बाळंतपणाच्या रजेवरून ती कामावर रुजू झाली, तेव्हा आर्किटेक्ट सरांनी शब्द दिला होता, "आपल्या नव्या ऑफिसात पाळणाघराची खोली करू. बाळाला खुशाल घेऊन येत जा." कॉम्प्युटरवर ऑफिसचं मॉडेल तिनेच केलं. कोपऱ्यातल्या त्या खोलीत प्लगसुद्धा रांगत्या हाताला लागणार नाहीत इतके उंच ठेवले.

छापायच्या शीटवर नकाशा लावताना मात्र पंचाईत झाली. उजवीकडची सरांच्या नावाची आणि पदव्यांची पट्टी इतकी ऐसपैस होती, की नकाशाचा तो कोपरा काही केल्या मावेना.

"पट्टी जरा अरुंद करू का, सर?"

"पट्टी कशाला? ती खोली क्रॉप कर. अगं, क्रॉप म्हणजे काही पुसणं नव्हे. मॉडेलमध्ये आहेच की. फक्त शीटवर दिसणार नाही."

कॉन्ट्रॅक्टर सरळमार्गी माणूस. त्याने शीटवर दिसलं तेवढंच बांधलं. सरांची केबिन त्यांच्या पट्टीला शोभेल अशी झाली, आणि बाळ गेलं सांभाळणाऱ्या मावशींकडे, ज्या साडेपाचच्या पुढे एक मिनिट थांबत नाहीत.

परवा सहा वाजता मोठे क्लायंट आले आणि सरांचा फोन खणखणला. "अगं, आहेस कुठे? खुर्ची रिकामी दिसतेय तुझी."

 

बाळाला कडेवर सावरत ती म्हणाली, "मॉडेलमध्ये आहेच की, सर. फक्त शीटवर दिसणार नाही."