उलटे आटे

"खडूवर पाय नको, मास्तर," तात्या म्हणाले.

मास्तरांनी पाय उचलला. गॅरेजच्या फरशीवर नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं विमान खडूने काढलं होतं, अगदी खऱ्या मापाचं. तात्यांची बायको मात्र त्याच्या ऐन मधोमध पाटावर बसून खुशाल मटार सोलत होती. तिला हटकायची तात्यांची टाप नसावी, असं मास्तरांनी मनाशी ताडलं आणि त्यांना गंमत वाटली.

मास्तरांनी उभा जन्म वेल्डिंग शिकवलं होतं. त्यांच्याच शब्दावर दुकानदाराने तात्यांना ऑक्सिजनचा आणि गॅसचा असे दोन सिलिंडर दिले होते. आज जोडणीत गळती निघाली आणि तात्यांना ती काढता आली नाही, तर सिलिंडर परत जाणार होते. म्हणजे विमान बांधायचा चार वर्षांचा खटाटोप पाण्यात.

"सांगाडा माझ्या शिकाऊ पोरांकडून करून घ्या की. महिन्यात उभा करतील."

"छे. एकेक जोड मीच मारणार. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही."

"अहो, तुम्ही तीस वर्षं टपालावर शिक्के मारलेत. वहिनी, आवरा यांना."

"आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही," वहिनी शेंग मोडत म्हणाल्या.

सिलिंडर भिंतीला साखळीने नीट बांधलेले होते. वर नवा दिवा होता, तोही वहिनींनीच लावलेला. स्टुलावर चढलं की तात्यांना गरगरायचं. तात्यांनी कॉक किंचित उघडले आणि ब्रशने सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं. ऑक्सिजनची बाजू गप्प होती. गॅसच्या नटावर मात्र बुडबुडे आले.

कॉक बंद करून तात्यांनी पाना लावला, जीव खाऊन नट पिळला आणि पुन्हा तपासलं. बुडबुडे दुप्पट झाले. मास्तर सगळं ओळखून होते, पण परीक्षा ती परीक्षा.

"अहो, त्या नटावर खाच आहे ना?" वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "म्हणजे उलटे आटे. डावीकडे फिरवा."

तात्यांनी कॉक बंद करून नट डावीकडे आवळला. कॉक उघडून पुन्हा साबण फासला, तर एकही बुडबुडा आला नाही. मग वेल्डिंगची टॉर्च पेटली आणि टोकाशी ज्योतीचा निळा, नेटका सुळका उभा राहिला. तात्या लहान मुलासारखे हसले.

"पास," मास्तर म्हणाले. "निम्मे गुण वहिनींचे. पण खरं सांगा, हे उडणार त्या दिवशी भीती नाही वाटायची?"

"वाटेल तर. आत्तापासूनच झोप उडालीय."

"मग हा हट्ट कशाला?"

तात्या चष्मा पुसत राहिले. वहिनींनी मटारची परात बाजूला सारली आणि पाय लांब करून समोरच्या खडूच्या दोन चौकोनांवर टेकवून पाहिले.

"अहो, ही पेडलं चार बोटं अलीकडे घ्या," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर माझे पाय पोचायचे नाहीत."