सौरपंपाचं उद्घाटन

बटण दाबलं तरी पाइपातून थेंबही पडेना. आमदारांचं बोट बटणावरच राहिलं.

“काल चालत होता ना पंप, बाई?” इंजिनिअर माझ्यावर खेकसला.

“आज सकाळीच वांगी भिजवलीत त्यावर. तुमची माणसं आली आणि बंद पडला.”

चौघं वाकून वायरी तपासू लागले. मान वर करायची अक्कल एकालाही नव्हती. सोलरच्या प्लेटांपुढे कार्यकर्त्यांनी आमदारांचा वीस फुटी फ्लेक्स ताणला होता. त्या हसऱ्या चेहऱ्याची सावली निम्म्या प्लेटांवर पडली होती.

मी विळ्यानं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स कोसळला आणि पाइपातून पाणी उसळलं.

“फ्लेक्स गाडीत टाका रे,” आमदार पुटपुटले.

“राहू द्या इथंच,” मी म्हटलं. “गांडूळखताच्या खड्ड्याला सावलीच लागते.”