सरावाचा गर्भ

धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्याच वर्षी मंजिरीच्या पोटात सरावाचा गर्भ ठेवला. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. म्हणून खरा ठेवण्याआधी पोटाला सवय लागावी, यासाठी डॉक्टर हा औषधी गोळा ठेवत. तीन महिन्यांनी तो आपोआप विरे.

मंजिरीला चिंचेचे डोहाळे लागले.

"वहिनी, खोट्याला कसले गं डोहाळे?" नणंद हसली.

"चिंच तर खरीच खातेय ना ती," सासूबाई म्हणाल्या.

भाद्रपदात गोळा विरला. पोट तयार झालं म्हणून डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि खऱ्या गर्भासाठी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. मंजिरी गेली नाही.

"आई, आधी सुतक पाळू द्या."

सासूबाईंनी त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला नाही.

मंजिरीचं तिसरं मूल भाद्रपदात, मंगळवारी गेलं.