भामाबाईंचा हिरवा खडा

भामाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि हिरवा खडा हनुमंतशेटच्या पुढ्यातल्या मखमली तबकात ठेवला.

"खरा का खोटा, तेवढं सांगा. बाकी काय नगं."

हनुमंतशेट हसला. भोरच्या बाजारपेठेत सोनं पारखणारे पुष्कळ होते, पण खड्याचं काम निघालं की लोक त्याच्याच दुकानाची पायरी चढायचे. पुण्यात एका जवाहिऱ्याकडं उमेदीची वर्षं घालवून तो ही विद्या शिकला होता. भिंग डोळ्याला लावलं की आपण चुकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

भामाबाई हिर्डोशीहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या, वाटेतली दुसरी सराफी दुकानं मागं टाकून. इथंच का, असं त्यानं विचारलं.

"ह्याचं तुमीच सांगाया पायजे. दुसऱ्या कुणाचं मला चालायचं न्हाई."

त्याला बरं वाटलं. गल्ल्यामागं विठोबाची तसबीर होती आणि शेजारी त्याच्या आईचा, रतनबाईंचा, हार घातलेला फोटो. भामाबाईंनी तिकडं बघून हात जोडले. गळ्यात तुळशीची माळ होतीच. देवभोळी बाई दिसते, असं मनाशी म्हणून त्यानंही सवयीनं मान लववली.

मग भामाबाई गावच्या हरिनाम सप्ताहाचं बोलू लागल्या. हिर्डोशी त्याचं आजोळ, त्यामुळं सप्ताहाला तो दरसाल जायचा. यंदाही पहिल्या रांगेत टाळ धरून उभा होता. कीर्तनकार बुवांनी एके दिवशी परक्याच्या वस्तूवर निरूपण केलं होतं. वस्तू दुसऱ्याची आणि पेटी आपली असली, की देवापुढची ज्योतसुद्धा आपल्याकडं पाठ करते, असं ते अगदी कळवळून म्हणाले होते. हनुमंतशेटनं तेव्हा उपरण्यानं डोळे पुसले होते आणि पुढचं भजन सगळ्यांच्या वरच्या पट्टीत उचललं होतं.

"लई गोड म्हणता तुमी," भामाबाई म्हणाल्या.

त्यानं खडा मऊ कापडानं पुसला आणि भिंगाखाली धरला.

वरच्या सपाट पैलूतून त्यानं आत पाहिलं, तर तळाच्या कडा एकाच्या दोन दिसत होत्या. काच असं कधी दाखवत नाही. काचेत असतात तसे गोल बुडबुडेही नव्हते. उलट एका कोपऱ्यात, तळ्यात कमळाचं पान तरंगावं तशी पातळ चकती होती आणि तिच्या मधोमध काळा कण. त्यानं खडा दारातल्या उन्हात नेला, मग दिव्याखाली आणला. हिरवा रंग दोन्हीकडं तोच राहिला, कोवळ्या भातासारखा, किंचित पिवळसर. वरून रंगाचा थर चढवलेला नव्हता. चिरांत तेल पाजलेलं नव्हतं. भुईतून निघाला आणि कुणीतरी हातानं पैलू पाडले, एवढंच काय ते त्याचं झालं होतं.

अस्सल पेरिडॉट, रत्नांतला मोलाचा खडा. आणि तोही बोराएवढा.

पुण्याच्या शेफालीताई खड्यांचा संग्रह करायच्या. असाच, कसलीही प्रक्रिया न केलेला, आत कमळपान असलेला पेरिडॉट त्यांना हवा होता. तो आणलात तर लेकीच्या लग्नाचे सगळे दागिने तुम्हीच घडवा, असा त्यांचा शब्द होता. हनुमंतशेटनं त्यासाठी कुठं कुठं विचारलं नव्हतं! आणि खडा असा, पदराच्या गाठीतून चालत आला होता.

तुमच्याकडं कसा आला, त्यानं सहज विचारावं तसं विचारलं.

"एका बाईनं दिला. तिची अंगठी मोडीत घातली, तवा सोनारानं खडा उचकटून तिच्या हातावर ठिवला. ह्याला काय मोल न्हाई म्हणाला. मंग तिनं मला दिला."

मोडीत सोन्याचं तेवढं वजन होतं, खडा परत मिळतो, ही रीतच होती. कुणी अडाणी सोनार असेल, हनुमंतशेटच्या मनात आलं. मिळकतीतून हिर्डोशीच्या भजनी मंडळाला नवी वीणा द्यायची, हेही त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

त्यानं भिंग खाली ठेवलं.

"काच आहे, मावशी."

ही बातमी ऐकून पडलेले चेहरे त्यानं खूप पाहिले होते. भामाबाईंचा चेहरा उलट उजळला.

"पुन्यांदा बघा. घाई नगं."

त्यानं पुन्हा भिंग लावलं. कमळाचं पान जागच्या जागी होतं.

"काचच."

"तुमच्या तोंडून ऐकलं, आता मिटलं." त्यांनी खडा उचलून पदरात बांधला. नात सोनियासाठी पेंडल करून घेईन म्हणाल्या.

हनुमंतशेट घाईनं पुढं झाला. ठेवून जा, बदल्यात चांदीची जोडवी देतो, म्हणाला. मग जोडव्यांवर पैंजणही चढवले.

भामाबाई खुदकन हसल्या. "काचंला चांदी? शेट, असा धंदा केला तर दुकान बसंल की वं."

दारात जाऊन त्या वळल्या. पुन्हा गल्ल्यामागं बघून हात जोडले, आणि आवाज एकदम घरातल्यासारखा झाला.

"हनुमंता, तुज्या आईच्या बाळंतपणात मी व्हते. तुला न्हाऊमाखू घातलं म्हणून रतनबाईनं ह्यो खडा दिला, काचंचाच हाय, ऱ्हाऊ दे म्हणाली. बुवांचं ऐकल्यापासनं जीव थाऱ्यावर नव्हता बघ. खरा निघाला असता, तर तुजी वस्तू तुज्या हातावर ठिवूनच जाणार व्हते."