जुन्या डिस्कमधला आवाज

"हे नको घेऊस, मर्व्ह." लिओनीने कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं. "तुझी ती फुकटातली सिस्टिम याला ओळखायचीच नाही."

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टात कॉम्प्युटरचे जुने सुटे भाग विकणारं तिचं छोटं दुकान होतं. मर्व्ह तासाभरावरच्या व्हायला गावाहून गाडी घेऊन यायचा, तोही गुरुवारीच. इतर दिवशी त्याला घर सोडता येत नसे.

घरच्या मशीनमधलं, डिस्क चालवणारं कार्ड जळालं होतं. डिस्क धडधाकट होत्या, पण कार्डाशिवाय मुक्या. नवं कार्ड पेन्शनीत बसत नव्हतं. परदेशातून स्वस्तात मागवलेलं एक नकली निघालं, दुसरं फक्त विंडोजवर चालायचं. मर्व्हकडे होती फ्रीबीएसडी नावाची सिस्टिम. कुणीही फुकट घ्यावी अशी, पण कार्डांच्या बाबतीत तिचे नखरे फार.

"मग सिस्टिम बदल की, हट्टी म्हाताऱ्या."

"डिस्क तिच्याच पद्धतीने भरल्यात. मला धोका नाही पत्करायचा."

"एवढं आहे काय त्यात?"

"रोझलिन," मर्व्ह म्हणाला. "माझी बायको. गावच्या रेडिओवर बागकामाचा कार्यक्रम करायची. सगळे भाग त्यात आहेत."

लिओनीने हातातलं कार्ड खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं रे. कधी झालं?"

"चार वर्षं होतील. हळूहळू गेलं सगळं."

"घर खायला उठत असेल."

"गप्पा मारायला कुणी नाही, एवढंच."

ती मागच्या खोलीत गेली. बराच वेळ स्क्रू फिरवल्याचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक धुळकट कार्ड होतं.

"माझ्या मशीनमधलं आहे. तुझीच सिस्टिम चालते त्यावर. डोळे मिटून घे."

"आणि तू?"

"माझ्या डिस्कवर नुसते सिनेमे आहेत. चहा टाकते, बस."

"नको. उशीर झालाय."

तो घरी पोचला तेव्हा शेजारची बार्ब फाटकाशी उभी होती. "आज सगळं शांत होतं," ती म्हणाली. "जेवण ओव्हनमध्ये ठेवलंय."

कोटही न काढता त्याने मशीन उघडलं. कार्ड बसवलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. एक डिस्क ओळखली गेली. मग दुसरी. मग राहिलेल्या सगळ्या.

कार्यक्रमाचा हाताला लागेल तो भाग त्याने लावला.

"तुमच्या टोमॅटोंना आपली खारट माती सोसत नाही ना? मलासुद्धा कुठे सोसत होती, लग्न होऊन आले तेव्हा," रोझलिन म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

तेच हसू. मर्व्हने आवाज मोठा केला. स्वयंपाकघर तिच्या बोलण्याने भरून गेलं. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सपाता घासत रोझलिन बाहेर आली आणि टेबलापाशी उभी राहून ऐकू लागली.

"कोण हो ही बाई?" तिने त्याला अदबीने विचारलं. "छान बोलते."