बंकटचा बंदोबस्त

घराच्या ओट्यावर बंकटच्या डाव्या हाताला धोंडीराम बसला होता, उजव्या हाताला सटवा. बंकट दहावीला नापास झाला होता. पोरानं जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये म्हणून दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी हा पहारा बसवला होता. खबरदारी म्हणून म्हशीचं दावंही सोडून नेलं होतं. म्हैस गावभर मोकळी हिंडत होती.

"मला झोप आलीय," बंकट म्हणाला.

"झोप की. पर डोळे उघडे ठीव," धोंडीराम म्हणाला.

ओट्यासमोरच संस्थेच्या मांडवात सत्कार चालला होता. मोटारी दुरुस्त करणाऱ्या मैनुद्दीनची जुलेखा तालुक्यात पहिली आली होती. मोहनरावांनी तिला शाल पांघरवली आणि माईकवरून डॉक्टर करून टाकलं. दवाखान्याची जागाही ठरली. सलग तिसरा दुष्काळ. दूध आटलं होतं, आणि संस्थेला मिरवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"पोरी, आता एक मार्कबी कमी पडायचा न्हाई. गावाची अब्रू तुझ्या हातात हाय!" मोहनराव माईकवर गरजले.

टाळ्या पडल्या. जुलेखा खाली मान घालून शालीच्या दशा पिळत होती. मग फोटोची वेळ आली, तर तिची खुर्ची रिकामी.

"लाजली असंल," सटवा हसला.

बंकटला ती दिसली. मांडवामागून विहिरीकडं निघाली होती. सकाळीच विहिरीत टँकर ओतला होता. त्या साली विहिरीवर रिकाम्या हातानं कुणी जात नसे. जुलेखाच्या हातात घागर नव्हती.

बंकट उठला आणि पळत सुटला.

"पळाला! धरा बे त्याला!" धोंडीराम ओरडला. मागोमाग सटवा. अर्धा मांडव उठला.

जुलेखा विहिरीच्या कठड्यावर बसली होती. पाय आतल्या बाजूला. बंकट चार हातांवर पोचला, तोच धोंडीरामानं झेप टाकून मागून घट्ट मिठी मारली. बंकटला.

"मला सोडा, मामा! तिला धरा!"

"तिला कावून? येडा झालास का बे? ती पहिली आलीय!"

कठड्यावरून शाल घसरली आणि आत गेली. पाण्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. जुलेखानं मान वळवली.

"धोंडूमामा," ती म्हणाली, "मलाबी धरा ना."